सांभाळणारी

“आई, या धम्मशीला. सम्यकला सांभाळतात,” बुटांच्या नाड्या सोडत पुष्कर म्हणाला. एरवी तो तिला अगंतुगं करायचा.

धम्मशीलानं नमस्कार केला आणि म्हातारीचा कोट खुंटीला अडकवला. “या काकू. थंडी फार आहे, आत बसा.”

शशीकाकूंची नजर आल्या आल्या भिंतीवर गेली. बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब. “हे फोटो तू लावलेस?” त्यांनी मुलाला हळूच विचारलं.

“या राहतात ना इथं. त्यांचे आहेत,” पुष्कर म्हणाला.

धम्मशीला ताटं मांडायला लागली. कुणी विचारल्याशिवाय आज तोंड उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

आठवड्यापूर्वी वॉटफर्डहून पुष्करचा फोन आला होता. आई पुण्याहून आली आहे, तिला नातू बघायचा आहे, दुपारपुरतं येऊ दे. “तिला मी सांगितलंय की स्वरालीशी माझं रजिस्टर मॅरेज झालं होतं. ती गेली, माझी नोकरी वॉटफर्डला, म्हणून बर्मिंगहॅमच्या घरी सम्यकला बघायला बाई ठेवलीय. तू फक्त तिच्यासमोर काही बोलू नकोस, प्लीज. तिनं घरी स्वरालीचा फोटो लावलाय गं, हार घालून.”

“या की,” धम्मशीला म्हणाली होती. होकार इतक्या सहज मिळाला, तेव्हाच त्याला शंका यायला हवी होती.

धम्मशीला नागपूरची. बर्मिंगहॅमला एका हॉस्पिटलात डायलिसिसच्या वॉर्डात नर्स. स्वराली तिची बायको. दोघींनी मूल व्हावं असं ठरवलं, तेव्हा स्वरालीचा कॉलेजातला मित्र म्हणून पुष्कर आपणहून पुढं आला. क्लिनिकमध्ये सगळं रीतसर झालं, स्वरालीला सम्यक झाला. पुष्कर वाढदिवसाला यायचा, केक खायचा, जायचा. मग कॅन्सरनं स्वरालीला नेलं. अंत्यविधी आटोपून लोक बाहेर पडत होते, तेव्हा पुष्करनं धम्मशीलाला बाजूला घेतलं होतं. “सम्यक माझं रक्त आहे. तू त्याची कोण?” पुढं त्यानं वकीलही गाठला. पण कायद्यानं धम्मशीला सम्यकची आई होती आणि तो कुणीच नव्हता. हे त्याच्या वकिलानंच त्याला समजावलं.

तेही तिनं गिळलं असतं. पण मेलेल्या स्वरालीला त्यानं आपली बायको करून पुण्याच्या भिंतीवर नेऊन टांगलं, ते तिला गिळवेना.

तिनं स्वयंपाक मन लावून केला होता. वरणभात, भरली वांगी, कोशिंबीर. सम्यक वरून खाली आला. शशीकाकूंनी त्याला जवळ ओढलं, पर्समधून सोन्याची साखळी काढून त्याच्या गळ्यात घातली. “डोळे अगदी पुष्करचे. चल राजा, बाबांजवळ बस.”

सम्यकनं इकडं तिकडं पाहिलं. “कोणाचे बाबा?”

“तुझे. हे काय बसलेत.”

“हा पुष्कर आहे.” सम्यक मराठी शब्द शोधत शोधत बोलायचा. “पुष्कर माझा डोनर आहे. माझी आई मरून गेला. आता माय आहे.” त्यानं धम्मशीलाकडं बोट केलं. “आई आणि माय मॅरीड होते. वेडिंगचा फोटो वर आहे. दाखवू?”

पुष्करचा घास हातातच राहिला. “आई, लहान आहे तो. कुठंतरी काहीतरी ऐकलेलं असतं.”

“डोनर म्हणजे काय?” शशीकाकूंनी विचारलं, पण मुलाला नाही. त्या धम्मशीलाकडं बघत होत्या.

याच प्रश्नाची ती आठवडाभर वाट बघत होती. वॉर्डात किडनी देणाऱ्यांबद्दल बोलताना ती हा शब्द मानानं उच्चारायची. सम्यकलाही तिनं तो तसाच शिकवला होता. पुष्करनं आपल्याला फार मोठं काही दिलंय, असं सांगून. आज तिनं त्यातला मान काढून घेतला.

“दाता, काकू. स्वरालीला आणि मला मूल हवं होतं. तुमच्या मुलानं क्लिनिकात जाऊन एका डबीत बीज दिलं. काम तेवढंच. लग्न झालं ते स्वरालीचं आणि माझं. इथंच, बर्मिंगहॅमला. हा पाहुणा म्हणून आला होता, जेवून गेला.”

“धम्मा, स्टॉप इट. प्लीज.”

“मी सांभाळते म्हणालास ना? खरंय ते. तिलाही मीच सांभाळलं, शेवटपर्यंत.” मग ती काकूंकडं वळली. “तुमच्या घरातला तिचा फोटो उतरवा. ती तुमची सून नव्हती.”

पुष्करनं मान खाली घातली. त्याचे कान लाल झालेले तिनं पाहिले, आणि बरं वाटलं. फार बरं वाटलं.

शशीकाकू बोटांनी ताटातला भात गोळा करत राहिल्या. “सून आली म्हणून साडी घेऊन ठेवली होती मी,” डाव्या हातानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. “गेली म्हणून रडले. ते रडणं काही खोटं नव्हतं, बाई.”

धम्मशीलानं कोशिंबिरीवर झाकण ठेवलं.

“आजी का रडतो?” सम्यकनं विचारलं. आपण काय बोललो नि हे असं कशानं झालं, ते त्याला कळेना. तो मायकडं बघत राहिला. तिनं नजर वळवली.

काकू उठल्या, बेसिनवर हात धुतले, स्वतःच कोट चढवला. सम्यक साखळी काढून परत द्यायला लागला, तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला. “असू दे. दात्याच्या आईनं दिली म्हण.”

पुष्करनं गाडीचं पुढचं दार उघडून धरलं होतं. त्यांनी ते पाहिलंच नाही. मागचं दार उघडून त्या आत बसल्या आणि पट्टा ओढायला लागल्या. तो काही केल्या लागेना. पुष्कर स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसला होता. शेवटी धम्मशीला घरातल्या सपाता घालूनच बाहेर गेली, वाकली आणि तिनं पट्टा लावून दिला. काकूंनी तिच्याकडं पाहिलं नाही. गाडी निघून गेली.

ती आत आली. वर सम्यकनं आपल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. तिनं त्याला हाक मारली नाही. पुष्करचं उष्टं ताट बाजूला सारलं, स्वतःला भात वाढून घेतला आणि एकटीच जेवायला बसली. वांगी गार झाली होती, पण चव चांगली उतरली होती. तिनं ती सगळी संपवली.