बैलाचं आवतन

आमच्याकडं पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाले जेवणाचं आवतन देतात. शहरातल्या लोकायले हे सांगितलं की ते हसतात. हसा बाप्पा, पण खरंच देतात. संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकायचे, मग हात जोडून त्याच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर ज्यानं जू ओढलं, त्याले एक दिवस पाहुण्यासारखं बोलवायचं. बैल ते आवतन विसरत नाही, असं म्हातारे सांगत. मले वाटे, म्हाताऱ्यायले दुसरं काम काय? पण दोन हजार सहाच्या पोळ्याले मी ते आपल्या डोळ्यानं पाह्यलं आणि तेव्हापासून पोळा आला की माही मान आपोआप खाली जाते.

त्या साली आमचा गोठा रिकामा होता. दोन हंगाम कापसानं दगा देला आणि उन्हाळ्यात बाबानं जोडी बाजारात नेली. येताना नुसते कासरे घेऊन आले. आईनं ते खुंटीले टांगले आणि घरात कोणी बैलाचं नाव काढायचं नाही असा कायदा केला. आमची आई, कोकिळाबाई, कायदे करण्यात लय हुशार. नेर तालुक्यातल्या आमच्या एवढ्याशा गावात तिच्याइतकं नाकानं कांदे सोलणारं दुसरं माणूस नाही. तिची लेक असून सांगून राह्यली मी हे.

नेमकं तेव्हाच मले आर्णीचं स्थळ आलं. पोराचा फोटो मले आवडला, त्यात लपवायचं काय? मी तो पुस्तकात ठेवला होता आणि अभ्यासाच्या नावानं पाहत बसे. पोराचा बाप गुणवंतराव जुन्या वळणाचा माणूस. त्यानं निरोप धाडला, तुमच्या गावच्या पोळ्याचं लय नाव ऐकलं, आम्ही नवरा-बायको पाहाले येतो. पोळा म्हणजे अमावास्या. अमावास्येले कोणी पोरगी पाहत नाही, पण बैल पाहता येतात. त्या वर्षायमधी सोयरीक करणारे असंच करत. घर उभं आहे की वाकलं, हे वसरीत बसून समजत नाही, गोठ्यात समजते. आमचा गोठा रिकामा दिसला असता तं गुणवंतराव चहा पिऊन, हात जोडून, परत गेला असता.

मग आईनं बाबाले सांगितलं, उकंडाभाऊची जोडी एक दिवस मांगून आणा.

उकंडाकाका म्हणजे बाबाचे शाळेपासूनचे दोस्त. शेताले शेत लागून, मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दोघायची तंबाखू एक. घर मात्र बुद्धविहाराच्या बाजूले. त्यायच्या आजोबानं छप्पन्न साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. देवाले ते हात जोडत नाहीत, पण बैलाचे खांदे शेकल्याशिवाय पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यायच्या घरी कोणी जेवत नाही. त्यायची बायको तुळसाकाकू. तिले आमच्या आईनं पायरीवरून आत कधी बोलावलं नव्हतं. तिच्या हातचं पाणी आमच्या घरी कोणी पेलं नव्हतं. आणि तिच्याच गोठ्यातले बैल आईले चालत होते! तिची लेक प्रियंका आणि मी एकाच एसटीनं नेरच्या कॉलेजात जात होतो. रोज सकाळी ती मले घ्याले येई आणि पायरीखाली उभी राहून हाक मारे. मी आतून म्हणो, आली आली. आत ये, असं काही म्हणत नव्हती मी.

पोळ्याच्या सकाळी बाबानं काकाचे बैल नाल्यावर धुतले आणि मागच्या रस्त्यानं आमच्या गोठ्यात आणले. आमचीच जुनी झूल अंगावर टाकली, शिंगायले बेगड लावली, कपाळावर बाशिंगं बांधली. जोडी अशी देखणी की मलेच क्षणभर वाटलं, आपलीच आहे. गावाले सगळं माहीत होतं, पण पाहुण्यायसमोर कोणी बोलणार नव्हतं. भीती होती ती झडत्यायची, पोळ्यातल्या टोमण्याच्या गाण्यायची. तोरणाखाली बैल उभे राह्यले की झडत्या म्हणणारा कोणाचीही टोपी उडवते, आणि त्याचा राग धरायचा नाही असा नियम आहे. आईनं सकाळीच त्याच्या घरी पुरणाचा डबा धाडला होता. तिची तयारी अशी पक्की असे.

दुपारी गुणवंतराव आणि त्यायची बायको मोटरसायकलवर आले. पहिले गोठ्यात गेले. बैलाच्या पाठीवर हात फिरवून गुणवंतराव म्हणाले, जनावर चांगलं राखलं. बाबा खाली पाहून हसले. मले बाबाचं ते हसणं अजून आठवते. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं हसणं होतं ते.

तोरण सुटलं. झडत्यायमधी आमचं नाव आलं नाही, पुरणाचा डबा कामी आला. आता बैल मारुतीच्या पारावरून आमच्या दारी यायचे, आई त्यायचे पाय धुणार, पुरणपोळी चारणार, की झालं. आमचं घर पाराच्या तोंडाशीच. मी आणि आई ताट घेऊन दारात उभ्या. वाजंत्री पुढं, मंग बैल, त्यायच्या बाजूले बाबा आणि मागं पाहुणे.

पाराजवळ रस्ता फुटते. उजवीकडं आमचं घर, डावीकडं विहार. बैल डावीकडं वळले.

बाबानं कासरा ओढला. बैल थांबले, बाबाकडं पाह्यलं आणि चालू लागले. बाबानं पुन्हा ओढला, त्यायच्या अंगावर ओरडले. कोण ऐकते? आदल्या संध्याकाळी त्यायले आवतन भेटलं होतं, ते तुळसाकाकूच्या घरचं. बैल आपले सरळ जेवाले निघाले, बाबा कासऱ्यामागं फरफटत. पारावर बसलेलं सगळं गाव उठून पाहाले लागलं. आई पुटपुटली, "मेली मी." मी पाण्याचा लोटा घेऊन धावली. कायले धावली मलेही माहीत नाही.

बैल तुळसाकाकूच्या अंगणात जाऊन उभे राह्यले. ती बाहेर आली. तिनं बैल पाह्यले, बाबाचं तोंड पाह्यलं, मागचे पाहुणे पाह्यले. गुणवंतरावानं विचारलं, सदाशिवराव, हे बैल इकडं कसे? बाबा कासऱ्याची गाठ चाचपू लागले. मले वाटलं, आता सांगून टाकावं, हे बैल आमचे नाहीत. सांगितलं नाही. फोटो होता ना पुस्तकात.

तुळसाकाकूनं पदर डोक्यावर घेतला. माह्या हातातला लोटा घेतला आणि बैलाच्या पायावर पाणी टाकत शांतपणे बोलली.

"पाहुणे, आमच्या दोन घरायचा रिवाज हाये हा. सदाशिवभाऊचे बैल पहिले माह्या दारी जेवतात, मंग त्यायच्या. रातीच आवतन देलं होतं त्यायले."

शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. बैलायनं तिच्या हातची पोळी खाल्ली आणि तिचा हात चाटला. गुणवंतराव पाहतच राह्यले. मंग बाबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की आमच्याकडं असं अजून नाही, दोन आळ्यायमधी विस्तव जात नाही. बैल पाहाले आलो होतो, त्याहून मोठी गोष्ट पाह्यली. त्यायच्या बायकोच्या तं डोळ्यात पाणी आलं. आणि मले वाटलं, जमीन फाटली तं बरं.

बैलायले घेऊन सगळे घरी आलो, तं गुणवंतरावानं हेच आईले सांगितलं. आईनं काय करावं? तिनं मान हलवली आणि म्हणाली, हो, आमच्या सासऱ्यापासून चालत आलं आहे. किती सहज! मी तिच्याकडं पाह्यलं, तिनं माह्याकडं पाह्यलं नाही. गुणवंतराव खुश होऊन म्हणाले, मंग त्या लोकायलेही बोलवा, आज सगळे एका पंगतीत जेवू, आणि अमावास्या सरली की सुपारी फोडू. आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण स्वतःच्याच तोंडानं गाठ मारलेली, सोडवणार कशी? तिनं मले धाडलं.

मी गेली तेव्हा काकू चुलीपाशी होती. मी खाली मान घालून निरोप सांगितला. प्रियंका भडकली. म्हणाली, बैल देले, वरून खोटंही बोलली, आता पंगतीत बसून शोभा वाढवाले जाते काय? कायले? काकू म्हणाली, पोरगी आपल्यासमोर लहानाची मोठी झाली, तिचं काम अडू नाही. उकंडाकाका उठून सदरा घालू लागले. काकूनं हात धुतले, चांगलं लुगडं काढलं आणि मंग मले जवळ बोलावलं.

"सुरभी, पाण्याचा माठ कुठं असते तुमच्या घरी?"

मले समजलं नाही.

"मी कधी आत आलीच नाही, बाई. पाहुण्यायसमोर इकडं-तिकडं पाहीन तं त्यायले समजन. आधीच सांगून ठेव. माठ कुठं, गिलास कुठं, पंगत कोणत्या बाजूनं बसते."

मी सांगितलं. माजघरातून पुढं गेलं की स्वयंपाकघर, खिडकीखाली तिवईवर माठ, वरच्या फळीवर गिलास. ती पोरीनं पाठांतर करावं तसं पुटपुटत होती. प्रियंका दारात उभी होती. म्हणाली, "मलेही सांग. मी तं तुही मैत्रीण हाओ ना."

पंगत छान झाली. गुणवंतरावाच्या बायकोनं पाणी मांगितलं, तं आईच्या आधी तुळसाकाकू उठली, कुठं न पाहता खिडकीखालच्या माठापाशी गेली, फळीवरचा गिलास घेतला आणि भरून आणला. पाहुणी म्हणाली, तुमचं बारा महिने येणं-जाणं दिसते. काकू म्हणाली, हो. आई पोळी वाढत होती, तिच्या हातून तूप ताटाबाहेर सांडलं. बाबानं खाल मानेनं जेवण संपवलं. त्यायनं उकंडाकाकाकडं एकदाही पाह्यलं नाही, आणि काकानंही त्यायच्याकडं पाह्यलं नाही. गोठ्यात बैल हंबरून राह्यले होते. आमच्या घरचं पुरण त्यायनं तोंडात घेतलं नव्हतं.

जेवणं झाली तशी काकूच्या घरचे निघाले. बैल पाहुणे जाईपर्यंत आमचेच, म्हणून काका हात हलवत गेले. पायरीपर्यंत पोचवाले मी गेली. माफी मांगायची होती, पण तोंडातून भलतंच निघालं, जे बैलाच्या कानात म्हणतात ते.

"काकू, उद्या जेवाले या."

तिनं माह्या तोंडावरून हात फिरवला. रागानं नाही, मायेनंच बोलली.

"उद्या पाहुणे नसतीन ना, सुरभी."

ती पायरी उतरली. प्रियंका तिच्या मागं गेली, वळून पाह्यलं नाही तिनं. आतून आईनं हाक मारली, पाहुणे बोलावून राह्यले, ये आत. मी पायरीखालीच उभी राह्यली. प्रियंका रोज सकाळी उभी राहे, त्याच जागी.