बिनखुणांची पाटी

"मेस्त्री, चंद्रकोरीचा तुकडा अडतोय बघा," दमयंतीबाईंनी दारातून हाक दिली.

काशीराम मेस्त्रीने तुकडा हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि काचकागदाचे दोन हात मारून परत दिला. मे महिना सरत आला होता. हवा इतकी दमट की चांगलं मुरलेलं शिवणीचं लाकूडसुद्धा फुगत होतं, म्हणून बाईंनी त्याला परीक्षा संपेपर्यंत शाळेच्या ओसरीवर थांबवून घेतलं होतं. थांबायला सांगितलं नसतं तरी तो हललाच नसता म्हणा. आत पाच मुली होत्या आणि त्यांतली शेवटची त्याची चिमा होती.

परीक्षा होती एकाच जागेची. रत्नागिरीतल्या त्या मुलींच्या शाळेत वसतिगृहाची एक जागा दरवर्षी फुकट असे, कष्टकऱ्याच्या घरातल्या मुलीसाठी. राहणं, जेवणखाण, पुस्तकं, सगळं अगदी सातवीच्या फायनलची परीक्षा होईपर्यंत. पूर्वी त्या जागेसाठी वाचन आणि हिशेब घेत. मग व्हायचं काय, की जिच्या घरी कुणीतरी शिकवणारं असे तीच पुढे जाई. दमयंतीबाई मुंबईहून ट्रेनिंग घेऊन मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि पहिल्याच वर्षी त्यांनी हे मोडीत काढलं. त्यांची परीक्षा बिनअक्षरांची. कागदावर ओळीने चार आकृत्या, पुढची कोणती ते दाखवायचं. पाच आकृत्या, त्यांतल्या विजोडीवर बोट ठेवायचं. आणि शेवटी लाकडाची पाटी. फणसाच्या फळीत आठ वेड्यावाकड्या खोबणी, प्रत्येकीचे तीन तुकडे. चोवीस तुकडे टेबलावर पसरायचे आणि घड्याळ लावून पोरीला सांगायचं, बसव. गावातले शहाणे हसले. लाकडाचे तुकडे बसवून कुठे शाळा मिळते का, म्हणाले. बाईंनी लक्ष दिलं नाही.

ती पाटी काशीरामने केली होती. काम सांगताना बाई म्हणाल्या होत्या, "मेस्त्री, हे खेळणं समजू नका. हे माप आहे. तुम्ही भात मोजायच्या पायल्या करता ना, तसंच. इथे डोकं मोजायचं आहे, एवढंच."

हे त्याला फार पटलं होतं. काशीरामच्या हातची पायली म्हटली की घेणारा आणि देणारा, दोघेही निर्धास्त. एका व्यापाऱ्याने एकदा आतून चिमूटभर लहान पायली मागितली, तेव्हा त्याला पायरीवरूनच परत पाठवणारा माणूस तो. पुढे बाईंनी विचारलं होतं, पाटी चिमाने पाहिलेली नाही ना? नव्हतीच पाहिली. ती तेव्हा पंधरा दिवस मालगुंडला मामाकडे होती. काशीरामने छातीवर हात ठेवून तसं सांगितलं होतं.

चिमाला अकरावं सरत होतं. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि काशीरामची विधवा बहीण सखू घर सांभाळत होती. त्या सखूनेच हर्ण्याचं स्थळ आणलं होतं. मुलगा होड्यांच्या कामावरचा सुतार, घर खाऊनपिऊन सुखी. काशीराम म्हणाला होता, "आता लग्नाचा कायदा झालाय ना गो, चवदा वर्षांचा?" त्यावर सखू म्हणाली होती, "कायदा रत्नागिरीत. हर्ण्यात येतंय कोण बघायला? दादा, तू आवसेपर्यंत होय-नाय सांग. ती माणसं थांबायची नायत." अवस परवावर आली होती. शाळेत जागा मिळाली तर नाही म्हणायला तोंड होतं. न मिळाली तर पोरगी मार्गशीर्षात सासरी जाणार होती.

आत पाचांपैकी तिघी पाटीवर अडखळल्या. चौथी जनी. दाभोळची. बाप गलबतावर गेला तो आलाच नव्हता, आई मासळी सुकवून तिला वाढवत होती. जनीने पाटी पुरी केली, पण घामाघूम होऊन. नऊ मिनिटं लागली. एकेक तुकडा ती चारी बाजूंनी लावून बघायची, नाही बसला की ठेवून द्यायची, पुन्हा उचलायची. काशीराम खिडकीतून बघत होता. हात चांगला आहे पोरीचा, घाई करत नाही, असं त्याच्या मनात आलं.

मग चिमा बसली.

बाईंनी घड्याळ लावलं आणि चिमाचे हात सुरू झाले. तुकडा उचलला की बसलाच. एक नाही, दोन नाही, भराभर. खिडकीबाहेर काशीरामचा ऊर असा भरून आला की त्याला दोन क्षण दिसेना. येसू असती तर, असं वाटलं त्याला. येसू म्हणजे चिमाची आई. आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की पोरगी तुकड्याचा आकार बघतच नाही. तुकडा उचलते, उलटा करते, पाठीवर नजर टाकते, खोबणीच्या कडेवर नजर टाकते आणि बसवते.

खुणा. तुकड्यांच्या पाठीवर आणि खोबणींच्या कडेला पटाशीच्या टोकाने मारलेल्या खुणा. एक रेघ, दोन रेघा, फुली, कावळ्याचा पाय. चौकटीचं कुसू, म्हणजे लाकडाचं पुढे काढलेलं टोक, कुठल्या भोकात जायचं ते हरवू नये म्हणून सुतार दोन्हीकडे सारखी खूण करतो. काशीराम सोळा वर्षांचा असल्यापासून करत होता. जेवताना पहिला घास बाजूला काढून ठेवावा तितक्या सवयीने. पाटी करतानाही हातांनी ते केलं होतं आणि त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. परक्याला त्या रेघा लाकडाच्या वाटतील. पण चिमा चालायला लागली ती त्याच्या कामाच्या खोलीत. तिला अक्षरांआधी ह्या खुणा येत होत्या.

"दोन मिनिटं चाळीस सेकंद," बाई म्हणाल्या. "मेस्त्री, आत या. अहो, हे माप एवढं कुणाचंच भरलं नाही."

काशीराम आत जाऊन उभा राहिला. चिमाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. खुणा असतात, त्या बघायच्या असतात, एवढंच तिला ठाऊक. कोपऱ्यात जनी ओले तळवे परकराला पुसत होती. खोलीत कुणाला काही कळलेलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं. गप्प बसलं की झालं. सखूला सांगायचं, शाळा मिळाली. आयुष्यात त्याने देवाकडे काही मागितलं असेल तर ते आत्ता समोर आलं होतं, आणि घेण्यासाठी त्याला काहीच करायचं नव्हतं. बाईंनी "बसा ना" म्हटलं तरी तो बसला नाही.

"बाई," तो म्हणाला, "माप खोटं हाय."

त्याने तुकडे उलटे करून दाखवले. बाईंनी एक उचलला, दुसरा उचलला, खोबणीच्या कडा पाहिल्या. त्यांचा चेहरा उतरला आणि मग कठोर झाला.

"हे तुम्ही मुलीसाठी केलंत?"

"तुमच्या ह्या टेबलाखाली बघा. सात वर्षांमागं केलं मी. बाकांखाली बघा. दाराच्या चौकटीत दिसायच्या नायत, त्या आत गेल्या. माजा हात करतो, बाई. मला आता समजलं, खिडकीतून."

दमयंतीबाई, पदर सावरून, खरंच वाकल्या. टेबलाच्या पायावर दोन रेघा होत्या आणि वरच्या पट्टीवर दोन रेघा. त्या उठल्या तेव्हा कठोरपणा गेला होता, पण हसू परत आलं नव्हतं.

"मग पाटीचे गुण कुणाचेच धरता येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "कागदावरच्या आकृत्यांवर ठरवावं लागेल."

त्यांनी कागद काढले. वीस आकृत्या. जनीच्या अठरा बरोबर. चिमाच्या सतरा. बाईंनी चिमाचा एक चुकलेला कागद पुन्हा बघितला. पाच चौकोन, प्रत्येकात एक तिरकी रेघ. चारांत रेघ उजवीकडे कललेली, एकात डावीकडे. चिमाने भलत्याच चौकोनावर बोट ठेवलं होतं.

"हा का दाखवलास गं?"

"त्याचा कोपरा गुण्यात नाय," चिमा म्हणाली.

काशीरामने मान पुढे काढून पाहिलं. चौकोन बाईंनी हाताने काढलेले होते आणि त्या एकाचा कोपरा केसभर फाकला होता. बाकीचे चार काटकोनात. पोरीने रेघ पाहिलीच नव्हती, तिने कोपरा पाहिला होता. काटकोन तपासायचा गुण्या काशीरामच्या पिशवीत होता. काढून लावायचा अवकाश. पण स्वतःच्या मुलीसाठी दुसऱ्याच्या मापात खोट काढायची, आणि तीसुद्धा आपलं माप खोटं निघाल्यावर, हे त्याच्याने होईना. त्याने पिशवी काखेत घट्ट धरली.

जागा जनीला गेली. बाईंनी नाव सांगितल्यावर ती रडायलाच लागली, आणि दाभोळला आईला कळवणार कोण, असं विचारत राहिली.

मुली ओसरीवर गेल्यावर बाई काशीरामला म्हणाल्या, "चिमाला पुढच्या वर्षी बारावं सरत असेल. तोवर परीक्षेला बसता येतं. पण पाटी मला नवी हवी, आकार सगळे वेगळे. करून द्याल?"

"मी?" काशीराम म्हणाला.

"दुसऱ्या कुणाला सांगू? आणि हे बघा, ती चिमानं पाहता कामा नये."

"नाय बघणार."

घरी जाताना बापलेक रस्त्याकडच्या जांभ्या दगडांच्या गडग्याकडेने चालले होते. चिमा रडत नव्हती. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"बाबा, तो कोपरा गुण्यात नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"तुमी बघितलंत?"

"बघितलं."

"मग बोल्लात का नाय?"

काशीराम थांबला. पिशवी ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "एकदा बोललो ना, बाय. तेवढंच बळ व्हतं."

चिमाने मान हलवली. समजलं म्हणून, की ऐकलं म्हणून, ते त्याला कळलं नाही.

सखूला त्याने त्याच दिवशी स्थळाला नकार सांगितला. शाळा मिळाली नाही आणि स्थळही नको, हे ऐकून तिला वाटलं, भावाचं डोकं फिरलं. "वर्षानं परत हाच खेळ, आणि तवाबी नाय जमला तर? बारा सरलेल्या पोरीला करणार कोण?" तीच भीती काशीरामला रोज होती. हर्ण्याच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात दुसरीकडे झालंसुद्धा. सखूने लाडू खाऊन येऊन सांगितलं, मुलगी दिसायला बरी आहे. मग ती महिनाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

शिमगा झाला आणि बाईंकडून नव्या आकृत्यांचा कागद आला. काशीरामने फळी निवडली, कागद तिच्यावर पसरला, आणि कामाच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. ते दार दिवसा कधी लागलेलं नव्हतं. उंबऱ्यावर बसून भुसा चिवडणं, खिळे वेचणं, तो मागेल ती पटाशी न बघता हातात देणं, ह्यात चिमाचं सगळं लहानपण गेलं होतं. पहिल्या दिवशी त्याने दोनदा सवयीने हात मागे केला. हातात काही आलं नाही.

खूण करायची नव्हती. तुकडा कापून झाला की पटाशी आपोआप पाठीवर टेकायची, आणि तो हात आवरून घ्यायचा. मग चोवीस तुकड्यांच्या ढिगात त्यालाच सापडेनासं व्हायचं. जनीसारखा तोही एकेक तुकडा चारी बाजूंनी लावून बघत बसे. जे काम पूर्वी आठ दिवसांचं, त्याला तीन आठवडे लागले. बाहेर चिमाची चाहूल यायची. ती अंगण झाडायची, विहिरीवर जायची, पण दारापाशी रेंगाळायची नाही. फटीतून तिने बघितलं असतं तर कुणाला कळलं नसतं, आणि ती बघत नाही हे त्याला बघावं लागलं नाही.

शेवटच्या दिवशी, सकाळचं ऊन चढलं तेव्हा दारावर टकटक झाली.

"बाबा, पेज आणलीय."

काशीराम उठला. पाटीवर काही झाकायला मिळेना, म्हणून तो तसाच कडीपाशी येऊन थांबला.

"उघडा," बाहेरून चिमा म्हणाली, "मी पाठ करून उबी हाय."