उलटा बसलेला ट्रान्झिस्टर

शिंप्याच्या तळहातांना लहानपणापासून घाम सुटायचा, म्हणून मित्रांनी त्याचं नाव नळ्या ठेवलं होतं. रेशमी कापड शिवायचं म्हणजे आधी हाताला पावडर, मग फडकं आणि मग कात्री. अशा माणसाने कुणाचा हात मागायचा तरी कसा? पण मावशीने सकाळीच दम भरला होता, "त्या शेजारच्या मेकॅनिक मुलीला आज तू विचार, नाहीतर मी जाते." मावशी म्हणजे तोंडाची फटकळ. ती गेली असती तर ठरलेलं लग्नसुद्धा मोडून आली असती.

शेवटी अर्ध्या जेवणावरून उठून तो दुरुस्तीच्या दुकानात शिरला. मेकॅनिक डोकं धरून बसली होती. टेबलावर तांब्याच्या दोन पट्ट्या, बॅटरी, इवलासा तांबडा दिवा आणि वाटाण्याएवढा, तीन पायांचा ट्रान्झिस्टर.

"आमच्या काकांसाठी करतेय," ती म्हणाली. "अंथरुणाला खिळलेत, घंटीचं बटण दाबायची ताकद नाही. पट्ट्यांवर नुसता हात टेकवला की दिवा लागायला हवा. हातातून जाणारी वीज चिमूटभरच, पण तेवढ्या इशाऱ्यावर ट्रान्झिस्टर बॅटरीतून कितीतरी जास्त वीज सोडतो. सोडायला हवी! पण मेला दादच देत नाही."

तिने हात टेकवला. दिवा ढिम्म.

"बघू," म्हणत त्याने हात टेकवला, तेवढाच धीर गोळा करायला वेळ. दिवा लागला!

ती खुर्चीतून उठलीच. "काढा! परत लावा!" परत लागला. तिने त्याचा तळहात उलटून पाहिला. "अहो, हा तर चिंब आहे!"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मात्र भिंगातून ट्रान्झिस्टर न्याहाळला आणि कपाळावर हात मारला. "उलटा बसवलाय मी! उलटा बसवला तरी चालतो, पण कामचुकारासारखा. कोरड्या हाताची वीज त्याला पुरत नाही, ओल्यातून जास्त जाते. तुम्ही आला नसता तर उगाच सगळं उसवत बसले असते मी. काय गुणाचा हात आहे तुमचा!"

त्या घामाचं कौतुक जन्मात पहिल्यांदाच होत होतं. तो इतका हरखला की वाक्य आपसूकच बाहेर पडलं, "माझ्याशी लग्न कराल?"

ट्रान्झिस्टर सोडवायला उचललेली सोल्डरिंगची तापलेली सळई तिने परत स्टँडवर ठेवली. तिकडे शिंप्याने मनातल्या मनात मावशीला दोन शिव्या हासडल्या. मग काहीतरी करायचं म्हणून तिने पट्ट्यांवर आपला हात टेकवला.

ट्रान्झिस्टर अजून उलटाच होता, आणि तरीही दिवा लागला. तिच्या कोरड्या हाताला घाम फुटला होता.

तिने दिव्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटली.

"घ्या," ती म्हणाली, "आता नाही म्हणायची सोयच राहिली नाही!"