बघितले ना, सगळे

"शेवटपर्यंत बाबांना मी काही कमी पडू दिलं नाही," धाकटा म्हणाला आणि काकांनी मान डोलावली.

आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलेल्या ताईने ते ऐकलं. लोकांच्या लग्नांच्या व्हिडिओंची कापाकापी करण्यात तिचा जन्म गेला होता. कुणाचं रडणं ठेवायचं आणि कुणाचं छाटायचं, हे तिला बरोबर कळायचं. आज मात्र तिने काहीच छाटलं नव्हतं.

बाबांचं उजवं अंग लुळं पडलं, तेव्हा परगावच्या या चिरंजीवांनी काय पाठवावं? तर टीव्हीला जोडायचा गेमचा डबा! "बाबांचा वेळ जाईल," म्हणे. त्याचा रिमोट दोन्ही हातांनी धरायचा, आणि बाबांचा एक हात उशीवर ठेवला की तिथेच राहायचा. स्वतः यायला साहेबांना सवड नव्हती. डबा टीव्हीखाली धूळ खात पडला. बाबा गेल्यावर ताईने तो पुसून काढला, घरच्या वायफायवर घेतला, आणि आतल्या कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ बाहेरच्या टीव्हीवर दिसेपर्यंत त्याचा पिच्छा सोडला नाही.

आज बाबांच्या आठवणीसाठी नातलग जमले होते. ती बाहेर आली, रिमोट उचलला.

"बाबांचे व्हिडिओ तुला पाठवत होते मी. बघितलेस ना रे?"

"बघितले ना, सगळे. डोळ्यांत पाणी यायचं गं."

"मग आता सगळ्यांनाच दाखवू."

टीव्हीवर बाबा आले. उशीला टेकलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं.

"बाळ्या," ते जड जिभेने म्हणाले, "हे बघितलंस की फोन कर. बोलू नकोस काही. नुसती शीळ घाल, आपली ती. माझ्या तोंडाने आता येत नाही."

आत्याने डोळे पुसले. "मग? घातलीस का रे शीळ?"

"म्हणजे... ऑफिसात असायचो ना, आत्या..."

तेवढ्यात पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला.

"काल फोन आला होता त्याचा," बाबा सांगत होते. "बोलला छान. शीळ नाही घातली. बघायला वेळ झाला नसेल." मग त्यांनी कॅमेऱ्यामागच्या ताईकडे पाहिलं. "मोठे, त्याला काही बोलू नकोस हं. हळवा आहे तो."

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. धाकट्याकडे कोणी बघेना.

"ताई, बंद कर."

"का? तू तर बघितलेत."

"सगळ्यांसमोर कशाला बोलायचं हे?"

"मी कुठे काही बोलले? बाबांनी सांगितलं होतं, बोलू नकोस. नाही बोलले."

मंडळी चहा अर्धा टाकून उठली. जाताना काकांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि धाकट्याला नुसतं "येतो" म्हटलं. दार लागलं.

"अजून आहेत?" धाकट्याने खाली बघत विचारलं.

"आहेत की."

"बघतो."

"बघ, इथेच टीव्हीवर. कॉम्प्युटर चालूच ठेवलाय."

दारात उभं राहून, एकेका व्हिडिओला त्याचा चेहरा कसा पडतो ते डोळे भरून बघायचं, असं तिने ठरवलं होतं. पण तिने कप गोळा केले आणि ती स्वयंपाकघरात गेली.

बाहेर बाबा खोकले. खोकला थांबेना. मग त्यांची हाक आली, "मोठे, पाणी दे गं जरा."

ताईने हातातला कप टाकला, पेला घेतला, नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि वळली. मग ती तिथेच, ओट्याला टेकून, भरलेला पेला धरून उभी राहिली.