विंचवाचं बिऱ्हाड

धाराशिवच्या कॉलेजात नेट सांभाळणाऱ्या गोरोबाला पित्ताचा त्रास नव्हता. आसिफचा होता. हा आसिफ त्याच संस्थेच्या तेरच्या शाखेत हेच काम करी, आणि प्राचार्या नीरजा मॅडम उठता-बसता म्हणत, "तेरचं नेट बघा, कसं पळतं."

आता दोन्हीकडचं नेट सांभाळायला एकच प्रमुख नेमायचा होता. अर्ज कॉलेजच्या मेलनं, सोमवारी पाचच्या आत.

सोमवारी सकाळीच गोरोबानं सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. कॉलेजचा मेल सांभाळणाऱ्या कंपनीचा नेटवरचा पत्ता सर्व्हर दर तीस सेकंदांनी नव्यानं विचारत होता, कारण कंपनी पत्ता द्यायची तोच तीस सेकंदांच्या बोलीवर, पुढं तो बदलूही शकतो. एवढी मोठी कंपनी, आणि विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! आसिफ असले लाड पुरवत असंल, म्हणत त्यानं सर्व्हरला फर्मावलं: एकदा मिळालेला पत्ता दिवसभर धरायचा. विचारपूस थांबली. नेट केसभर जलद झालं. त्या केसाचा गोरोबानं अर्जात दोरखंड वळला.

दुपारी कंपनीनं बिऱ्हाड हलवलं. सर्व्हर जुन्याच दाराची कडी वाजवत बसला. मेल बंद. मोबाइलवरूनही अर्ज जाईना, कारण कॉलेजचा मेल कॉलेजच्याच नेटवरून उघडायचा, हा नियम गोरोबाचाच.

पाचला दहा कमी असताना त्यानं तेरला फोन लावला.

"तुझा मेल चालू हाय का रे?"

"व्हय की भाऊ. माझा अर्ज सकाळीच गेला."

"मग माझा लिहून घे, तिकडूनच पाठव. इकडं कंपनी झोपलीय. लिही, तेरच्या आसिफपेक्षा…"

"आसिफपेक्षा जोडून का तोडून?"

"जोडून. …माझं नेट जलद आहे, कारण मेल कंपनीचा पत्ता मी दिवसभर धरून ठेवतो."

तिकडची टकटक थांबली.

"भाऊ, कंपनीनं दुपारी पत्ता बदलला. तुमचा बिघाड ह्याच ओळीत हाय. ठेवू का खोडू?"

गोरोबानं घड्याळ बघितलं. चार मिनिटं. ओळ ठेवावी तर मॅडम वाचणार, खोडावी तर आसिफ पुढं जाणार.

"खोड."

"आसिफपेक्षा पण?"

"त्ये पण."

"मग अर्जात काय ऱ्हातं, भाऊ?"

"नाव ऱ्हातं," गोरोबा म्हणाला. "ते तुझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात टाक."