बोजाऱ्यापुरतं

"आली त्याची बारी!" तानुबाई म्हणाली.

उकंडरावांच्या खांद्यावरून ती मोबाईलात डोकावत होती. काचेवर हिरवं गोल मेज, मेजाभोवती खेळणाऱ्यांचे रुपयाएवढे फोटो, आणि त्यातल्या एका फोटोत उलटी टोपी घातलेला प्रेम हसत होता. ज्याची बारी येईल त्याच्या फोटोभोवती एक पिवळी रेघ फिरायला लागायची. प्रेमभोवती ती फिरली की तानुबाईला वाटायचं, आता बोलतो पोरगा. पत्त्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. ती बसायची ती त्या रेघेसाठी.

उकंडरावांनी लाल बटन दाबून पानं फेकली. रेघ विझली.

"इतक्या लवकर काऊन फेकलं? राहू द्या ना त्याले जराक."

"अवं, पानंच नाईत चांगले. पानं नसले त् भिडाचं नाई, असं त्यानंच सांगतलं."

त्यानं म्हणजे प्रेमनं. प्रेमला जाऊन वर्ष होत आलं होतं.

रोहिणखेडच्या एस.टी. थांब्याजवळ उकंडरावांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक बाकडं. बीटी कापूस नवा नवा आला तेव्हा लोक थट्टा करायचे, "उकंडराव, अळी मेली, आता पानटपरी टाका." आणि खरंच, कित्येक वर्षं नोझलला गिऱ्हाईक नव्हतं. मग गुलाबी अळी आली. बीटीचीच बोंडं आतून पोखरून खायला लागली, आणि मेलेला धंदा उठून बसला. दुकानापुढे पंपांची रांग. लोकांच्या पिकाचं वाटोळं झालं तेव्हा यांची चूल पेटली. याचं त्यांना वाईटही वाटायचं, पण पोट कोणाला चुकलंय?

प्रेम लोकांच्या वावरात रोजानं फवारायला जायचा. गेल्या साली कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, पानावर मारलेलं औषध परत तोंडावर यायचं. गेल्या नवरात्राच्या आधी तो भरदुपारी घरी आला, डोळ्यांपुढे दिसत नाही म्हणाला. बुलडाण्याच्या दवाखान्यात नेला. तिथून आला तो आडवाच आला.

उकंडरावांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईनं यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. असलं नाव ऐकून यमसुद्धा नाक मुरडतो म्हणे. प्रेमच्या वेळी तानुबाईनं हट्ट धरला, माझ्या पोराचं नाव गोड ठेवायचं. ठेवलं. आता त्यावरून नवरा-बायको एकमेकांना काही बोलत नाहीत.

तेरवी झाल्यावर शेजारच्या मोबाईलच्या दुकानातला कामरान आला. प्रेमचा जिवाचा दोस्त. प्रेमचा फोन त्यानं उघडून दिला आणि खाली मान घालून म्हणाला, "काका, याच्यात प्रेमचं पोकरचं खातं हाये. आमी दोघं दर इतवारी खेळत होतो. तुमाले सांगतलं नाई."

सांगतो कशाला? उकंडरावांनी एकदा त्याला पत्ते खेळताना धरलं होतं आणि चारचौघांत झापलं होतं, "पत्ते पोळ्याचे एक दिस. तू काय सालभर पोळा करतं का बे?"

कामरानला खेळ शिकवायला प्रेमनं आपल्या आवाजात निरोप पाठवले होते. ते कामराननं बाकड्यावर बसून ऐकवले. उकंडरावांच्या हातातला पाना गळून पडला. बरा होता, धडधाकट होता आवाज. मधूनच खोकत होता, हसत होता.

"आयक बे कामऱ्या. हे लोक सैल हाताचे असतात. कोन्तंबी पान घेऊन येतात, पयत नाईत. त्यायच्यासंग हुशारी नाई कराची. मोठी जोडी येईलोक गप पडून राय. आली का मंग हात आखडू नोको, मोठंच लाव. थे येतातच. अन् एक ध्यानात ठेव, कोनाजोळ शेवटचं थोडंसं राह्यलं त् थे घेऊन टाक. दया करू नोको. थोच उठून मारते."

उकंडरावांनी ते इतक्यांदा ऐकलं की खेळ आपोआप आला. लाल म्हणजे फेकणं, हिरवं म्हणजे बरोबरी, पिवळं म्हणजे वाढवणं. राणी, राजा, एक्का, यांची जोडी आली तरच भिडायचं. बापाला लेकानं शिकवावं आणि तेही असं शिकवावं, देवा!

खात्यात प्रेमनं जिंकलेलं थोडं शिल्लक होतं. दर रविवारच्या स्पर्धेची एंट्री त्यातूनच जायची, आणि पहिल्या दोघांत आलं तरच परत भरायची. बाहेरून भरायची सोय नव्हती, कारण प्रेमचं बँकेचं खातं त्याच्या मागोमाग बंद झालं होतं. म्हणजे हिशोब सरळ होता. खात्यात आहे तोवर प्रेम रविवारी मेजावर बसणार. संपलं की तो उठला तो उठलाच.

आज शेवटची एंट्री लावली होती. आणि आज रविवार होता तसा पोळाही होता. दुकानामागच्या कडूलिंबाखाली दुपारपासून पत्त्यांचा फड बसला होता, त्यांचे आवाज पत्र्यातून आत येत होते.

मेजावरचे एकेक फोटो मावळत गेले आणि तिघं उरले. प्रेम, नुसत्या आकड्यांच्या नावाचा एक अबोल खेळाडू, आणि सुलतान. या सुलतानानं कबुतराचा फोटो लावला होता आणि हात इतका सैल की काही विचारू नका. पान कसलंही असो, गडी यायचाच. प्रेमची त्याची जुनी ओळख असावी. मधूनच काचेवर लिहायचा, "प्रेम भाई, शादी हो गई क्या? बड़े सयाने हो गए!" उकंडराव उत्तर देत नसत.

राणीची जोडी आली. उकंडरावांनी लेकाचं ऐकून मोठं लावलं. सुलतान आलाच. पानं उघडली तर त्याच्या हातात साधी जोडीही नव्हती. प्रेमपुढचा नाण्यांचा ढीग फुगला आणि सुलतानापुढे चिमूटभर उरलं.

"जितला का?" तानुबाईनं विचारलं.

"एक जन उठला का झालं. पुढच्या इतवारी बसते आपला पोट्टा."

"उठवा मंग."

पुढचाच डाव. राजाची जोडी! अबोल खेळाडूनं पानं फेकली. सुलतानानं होतं-नव्हतं तेवढं पुढे ढकललं. प्रेमभोवती पिवळी रेघ फिरायला लागली. हिरवं बटन दाबायचं, बस, तेवढंच काम.

तेवढ्यात लिंबाखालून इंद्रभान म्हाताऱ्याचा आवाज आला. "शेषराव, ऊठ आता! बोजाऱ्यापुरतं राह्यलं तुह्याजोळ. थे कोनी घेत नसते."

पोळ्याच्या संध्याकाळी सजवलेले बैल दारोदार येतात. त्यांना ओवाळून, आणणाऱ्याच्या हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे चार पैसे, ठेवायचा असतो. दारात बैल आले आणि हात रिकामे, यापेक्षा मोठी लाज नाही. म्हणून लिंबाखालच्या फडाचा दंडक होता, समोरच्याजवळ बोजाऱ्यापुरतं उरलं की ते घ्यायचं नाही, त्याला सोडायचं. उकंडरावांच्या बापानं तो पाळला, उकंडरावांनी पाळला. जन्मात कुणाचा बोजारा त्यांनी घेतला नव्हता.

अंगठा हिरव्यावर होता. दया करू नोको, प्रेमचा आवाज कानात स्पष्ट होता. आता कुठला सुलतान आणि कुठला पोळा! त्याच्या गावात बैल तरी असतील की नाही, देव जाणे. पण समोर चिमूटभर उरलेला माणूस बसला आहे आणि आपण ते ओढून घेतोय, हे उकंडरावांच्या हातून होईना. रेघ संपत आली. त्यांनी लाल दाबलं.

राजाची जोडी गेली.

"काहो, काय केलं?"

"त्याच्याजोळ बोजाऱ्यापुरतंच होतं व."

तानुबाईला तेवढं बरोबर कळलं.

सुलतानाचा मात्र त्या चिमटीतून ढीग झाला. एक डाव त्यानं असाच मारला, दुसरा मारला, आणि बघता बघता तो प्रेमच्याही पुढे गेला. मग उकंडरावांच्या हातात एक्क्याची जोडी आली. यापरीस मोठी जोडी नसते. त्यांनी सगळं लावलं. सुलतान आला, सत्ती आणि तिर्री घेऊन आला. शहाणा माणूस असल्या पानांना हात लावत नाही. मेजावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पानांत सत्ती पडली. मग तिर्रीही पडली. दोन जोड्यांपुढे एक्क्यांचं काय चालणार?

काचेवर सुलतानाची ओळ उमटली. "सॉरी भाई। पर उस टाइम छोड़ा क्यों? थोड़े ही तो थे।"

उकंडराव एका बोटानं अक्षरं शोधत लिहायला लागले. बो झालं, जा झालं, तेवढ्यात मेजच नाहीसं झालं. प्रेमच्या फोटोची जागा राखाडी पडली.

आपल्या हातानं आपण त्याला दुसऱ्यांदा पोचवून आलो, असं त्यांना वाटलं. ते पत्र्याला टेकले आणि तोंडात उपरणं कोंबून रडले. तेरवीलाही रडले नव्हते इतके रडले. तानुबाईनं त्यांच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि दोन्ही हातांत धरून बसली.

वेशीवर पोळ्याचं तोरण तुटलं, डफडं वाजायला लागलं. दिवस मावळताना कामरान शेषरावची बैलजोडी घेऊन त्यांच्या घराच्या दारात आला. दरवर्षी या दारात जोडी प्रेम आणायचा, तिचा कासरा आता कामरानच्या हातात होता. तानुबाई ताट घेऊन बाहेर आली. एका हातात ताट, दुसऱ्या हातात मोबाईल. बैलांना कुंकू लावायला हात रिकामा होईना, तरी मोबाईल तिनं खाली ठेवला नाही. उकंडरावांनी पुढे होऊन ताट धरलं. तिनं कुंकू लावलं, पुरणाची पोळी चारली. मग त्यांनी खिशात हात घालून बोजारा काढला आणि कामरानच्या हातावर ठेवला.

"काका, आज इतवार होता," कामरान हळूच म्हणाला. "बसला होता का प्रेम?"

उकंडराव बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"बसला होता ना," तानुबाई म्हणाली. काळ्या पडलेल्या काचेवर कुंकवाचं बोट उमटलं होतं, ते ती पदरानं पुसत होती. "सोडून देल्लं त्यानं एकाले. उठला मंग."

जोडी पुढच्या दाराकडे गेली.