गेटवरची गवार

दिल्लीतल्या आपल्याच सोसायटीच्या गेटवर गार्ड श्यामने अडवलं, तेव्हा द्वारकाबाईंना आधी थट्टाच वाटली. रविवारची सकाळ, खांद्याला कापडी पिशवी, आणि समोरच्या पार्कात यमुनाकाठच्या शेतकऱ्यांचा बाजार भरलेला. रस्ता ओलांडला की झालं.

"माताजी, आप अकेली नहीं जा सकतीं. विनायक साहब ने ॲप में डाला है."

"क्या डाला है माझ्या मुलाने?"

श्यामने बिचकत फोन पुढे केला. आईबापांच्या परवानगीशिवाय बाहेर सोडायची नाहीत, अशा मुलांची यादी होती ती. नर्सरीतली एक चिमुरडी, तिसरीतल्या जुळ्या बहिणी, आणि त्यांच्याखाली द्वारकाबाई, वय बहात्तर.

अस्सं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फेब्रुवारीत बाथरूममध्ये पाय घसरला, मनगट मोडलं, कबूल. पण प्लास्टर निघून तीन महिने झाले होते आणि डॉक्टर स्वतः म्हणाले होते, चालाफिरा. ज्या विनायकाला बोट धरून सरोजिनी नगरच्या बाजारात फिरवला, तो आईला नर्सरीतल्या पोरींच्या रांगेत उभी करतो! एका शब्दाने विचारलंसुद्धा नाही मेल्याने.

"श्याम, मेरी उमर पढ़ो. ज़ोर से."

"बहत्तर, माताजी."

"तो हटो."

तो हटला. बिचारा दुसरं करणार काय?

बाजारात भाजीवाल्या सुमित्राने त्यांना लांबूनच ओळखलं. "अम्मा! पाँच महीने कहाँ थीं?"

"क़ैद में," बाई म्हणाल्या, आणि ढिगातली गवारीची एक शेंग उचलून मोडली. टचकन आवाज आला. घरपोच येणारी गवार प्लास्टिकमध्ये घुसमटून यायची, वाकवली तरी मोडायची नाही, आणि तक्रार करावी तर आणणारा केव्हाच लिफ्टने खाली गेलेला. बाईंचे डोळे भरून आले. भाजीपुढे कसलं रडतेस, असं स्वतःलाच दटावून त्यांनी चांगली किलोभर गवार घेतली.

परत येतात तो विनायक गेटबाहेर उभा. हाफपँट, पायात घरातल्या सपाता, चेहरा घामाघूम.

"आई, अगं काय हे! कुणाला न सांगता? गाड्या बघ कशा सुसाट येतात. पडली असतीस म्हणजे?"

"पडले असते तर उठले असते. त्या यादीतून माझं नाव काढ."

"चल ना यार घरी, बोलू आपण."

"बोलायचंच होतं तर नाव घालायच्या आधी बोलायचंस. नाव काढ, मग मी आत येते."

आणि बाई गेटबाहेरच, श्यामच्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या. श्यामचंच वर्तमानपत्र मांडीवर पसरलं आणि गवार निवडायला घेतली. टोक खुडायचं, शीर ओढायची, टचकन मोडायची. येणारी-जाणारी गाडी थांबू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या मिसेस अरोरा गाडीची काच खाली करून म्हणाल्या, "आंटीजी, सब ठीक?"

"बिल्कुल ठीक. घर जाना है, लेकिन पापा की परमिशन नहीं आई." आणि बाईंनी हातातली शेंग विनायककडे रोखली.

विनायक कानापर्यंत लाल झाला. गाडी गेल्यावर तो खुर्चीपाशी उकिडवा बसला.

"मला भीती वाटते गं," तो हळूच म्हणाला. "बाबा गेले तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. तुझा फोन उचलला नव्हता मी."

बाईंचा हात थांबला. पोराचे केस केवढे पिकलेत, हे त्यांना आत्ता दिसलं. पण त्या उठल्या नाहीत.

"भीती मलाही वाटते विन्या. रोज आंघोळीला जाताना वाटते. म्हणून काय आंघोळ सोडू? फोन कर, दहा वेळा कर, मी उचलीन. पण मला कोंडून तुझी भीती जायची नाही, आणि मी मात्र तेवढ्यात संपेन."

विनायकने खिशातून फोन काढला, ॲप उघडलं आणि बटण दाबलं.

"नाम हट गया, माताजी," श्याम म्हणाला. त्याला एवढा आनंद का झाला कोण जाणे.

बाईंनी चष्मा लावून यादी स्वतः तपासली. चिमुरडी होती, जुळ्या होत्या. द्वारकाबाई नव्हत्या. विनायकने आधाराला हात पुढे केला, तर त्यांनी त्यात गवारीची पिशवी दिली आणि ताठ मानेने गेटात शिरल्या.

"श्याम," त्या मागे वळून म्हणाल्या, "इनको भी आने दो. मेरे साथ हैं."